२४ आठवडे मंजूर झाले, तरी हायकोर्टाच्या फेऱ्या का?

प्रश्न असा आहे: २०२१ मध्ये कायदा बदलून गर्भपाताची मुदत २४ आठवडे केली, मग बायकांना अजून कोर्टात का जावं लागतं, आणि 'कायदा पुन्हा बदला' ही मागणी कशासाठी? शिवाय दोन उपप्रश्न: नवऱ्याची सही लागते का, आणि लग्न न झालेल्या मुलीचं काय?

सहीचं आधी सांगते. लागत नाही. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती, म्हणजे फॉर्म सी, एवढंच कायदा मागतो. नवरा, सासू, वडील यांची संमती कायद्यात कुठेही नाही. पालकाची संमती लागते ती फक्त दोन बाबतींत: मुलगी १८ च्या आतली असेल तर, किंवा बाई मानसिक आजारी असेल तर. तरीही दवाखाने नवऱ्याची सही घेतातच. उद्या नवऱ्याने तक्रार केली तर काय, ही डॉक्टरची भीती त्यामागे असते. ही भीती कुठून येते ते कळलं की बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं मिळतात.

आपल्याकडे गर्भपात घडवणं आजही मुळात गुन्हा आहे. आधी भारतीय दंड विधानाचं कलम ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात बाळाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा या कलमात येते, तसं स्पष्टीकरणच खाली दिलं आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा त्यातून सूट देतो, आणि ती देतो डॉक्टरला: अमुक अटी पाळून, प्रामाणिकपणे मत बनवून गर्भपात केला तर डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही. बाईने मागितलं म्हणून करायलाच हवं, असं वाक्य त्या कायद्यात सापडणार नाही. हा कायदा ज्यांच्या अहवालावर उभा राहिला ते शांतिलाल शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समिती १९६४ ची, अहवाल १९६६ चा. अडाण्यांच्या हातून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ते थांबवणं आणि त्यासाठी डॉक्टरला निर्धास्त करणं हा तेव्हाचा हेतू. हक्काची भाषा कायद्यात नव्हती; ती नंतर न्यायालयांनी आणली.

आता आठवडे. हा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. इथे बहुतेकांची दोन आठवड्यांची चूक होते. समजा शेवटची पाळी १ जानेवारीला आली. तर ९ आठवडे ५ मार्चला भरतात, २० आठवडे २१ मेला आणि २४ आठवडे १८ जूनला. (लीप वर्ष असेल तर एक दिवस अलीकडे.) पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर सोनोग्राफीवरून वय ठरवतात, आणि दिवस जितके जास्त गेलेले तितका तो अंदाज सैल. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी जपून ठेवावी. पुढे कागदावर '२३ आठवडे ५ दिवस' आहे की '२४ आठवडे १ दिवस', यावर सगळं फिरतं.

५ मार्चपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. २१ मेपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. कारणं अशी: बाईच्या जिवाला धोका, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, बाळात गंभीर व्यंग. गर्भनिरोधक फसलं असेल तर होणारा मनस्ताप ही मानसिक इजाच धरली जाते. जुन्या कायद्यात ही सवलत 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांनाच होती. २०२१ मध्ये 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. म्हणजे २० आठवड्यांपर्यंत अविवाहितेला कायद्याची कसलीच आडकाठी नाही. लग्नाचा दाखला मागायला आधारच नाही.

२१ मे ते १८ जून या चार आठवड्यांत मात्र दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि बाई नियम ३ब मधल्या एखाद्या गटात बसावी लागते. ऑक्टोबर २०२१ च्या नियमांतले गट असे: बलात्कार, लैंगिक अत्याचार किंवा जवळच्या नात्यातल्या अत्याचारातून राहिलेला गर्भ, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात वैवाहिक स्थिती बदललेली (कंसात वैधव्य आणि घटस्फोट), मोठं शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, गर्भात गंभीर व्यंग, आणि सरकारने जाहीर केलेली आपत्ती. आणि एक बारीक गोष्ट सुटते: गर्भनिरोधक फसल्याची सवलत फक्त २० आठवड्यांपर्यंतच आहे. म्हणजे 'मुदत २४ केली' हे वाक्य सगळ्यांना लागू नाही.

अविवाहितेचा प्रश्न इथेच अडला होता. जुलै २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २५ वर्षांच्या एका अविवाहित तरुणीला ती यादीत बसत नाही म्हणून नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात अंतरिम परवानगी दिली आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सविस्तर निकाल: 'वैवाहिक स्थितीतला बदल' म्हणजे परिस्थितीतला मोठा बदल असं वाचायचं, त्यात अविवाहिताही येतात. जोडीदार सोडून गेला, हेही त्यात बसू शकतं. नवऱ्याने केलेली जबरदस्तीसुद्धा या कायद्यापुरती बलात्कारात धरायची. निकाल चांगला, पण नियमाच्या छापील मजकुरात अजून वैधव्य आणि घटस्फोटच आहेत, आणि डॉक्टर निकाल वाचत नाही, नियम वाचतो. म्हणून अशा वेळी निकालाची तारीख पाठ असलेली बरी.

१८ जूननंतर, म्हणजे २४ आठवड्यांपुढे, कायद्यात दोनच दारं उरतात. एक, गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवणं. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी किंवा रेडिओलॉजीचा तज्ज्ञ असायलाच हवेत. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत आणि पाच दिवसांत प्रत्यक्ष गर्भपात, असं नियम सांगतो. दुसरं, कलम ५: बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागला, तर आठवड्यांची अट नाही, दुसऱ्या डॉक्टरचीही नाही. तिसरं दार नाही. बलात्कारातून दिवस गेलेली चौदा वर्षांची मुलगी, जिच्या आईला सातव्या महिन्यात शंका येते, ती यातल्या एकातही बसत नाही. कोर्टाच्या फेऱ्या तिथून सुरू होतात.

ही २० ची रेघ मुळात का मोडावी लागली तेही पाहा. बाळातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी, म्हणजे अॅनोमली स्कॅन, १८ ते २० आठवड्यांत होतो, आपल्या उदाहरणात ७ ते २१ मे. समजा १८ मेला हृदयात काही शंका दिसली. मग बाळाची इको, म्हणजे हृदयाची खास सोनोग्राफी, त्यासाठी चार-आठ दिवसांनी वेळ मिळते. गर्भजल काढून तपासलं तर पेशी वाढवून अहवाल यायला दोन-तीन आठवडे. म्हणजे खात्री होईपर्यंत जून उजाडतो, आणि जुनी मुदत २१ मेला संपलेली. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकेता मेहता यांचा अर्ज नेमका अशाच हृदयदोषासाठी होता. तो फेटाळला गेला, आणि २० ची मर्यादा हा देशभर वादाचा विषय झाला. बदल व्हायला तेरा वर्षं लागली.

एवढं करूनही २०२१ च्या बदलाने एक विचित्र उतरंड तयार केली: व्यंग असेल तर कितीही आठवडे, बलात्कार असेल तर २४. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे यावर आक्षेप घेतात, की कायदा अपंग जिवाची किंमत कमी लावतो. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या मते त्यावरचा उपाय व्यंगाचं दार बंद करणं हा नव्हे. बाईच्या मानसिक आरोग्याचं दार २४ नंतरही मंडळापुढे उघडं असावं. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना तेच सांगितलं: फक्त गर्भाचं व्यंग पाहून अहवाल देऊ नका, मुलीच्या शरीर-मनावर काय होईल तेही लिहा. त्या प्रकरणात आधी परवानगी मिळाली, आणि पुढे पालकांचं मन बदलल्यावर आदेश मागे घेतला गेला. गर्भ ३० आठवड्यांच्या आसपास होता. इतक्या उशिरा कोणताच निर्णय सोपा राहत नाही.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दाही इथलाच. २६-२८ आठवड्यांचं बाळ काचेच्या पेटीत जगू शकतं. तेव्हा 'गर्भपात' म्हणजे प्रत्यक्षात कळा आणून अकाली प्रसूती, आणि बाळ जिवंत जन्मू नये म्हणून आधी इंजेक्शन देऊन हृदय थांबवायचं का, हे कुणीतरी ठरवायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या, बाळंतपणानंतरच्या नैराश्याने आजारी असलेल्या विवाहितेच्या प्रकरणात एम्सच्या डॉक्टरने हाच प्रश्न न्यायालयाला विचारला. ९ ऑक्टोबरला मिळालेली परवानगी ११ ला दोन न्यायमूर्तींच्या मतभेदात अडकली आणि १६ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नाकारली. अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, म्हणून दिवस गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं.

म्हणूनच २४ चे २८ करा, या मागणीत मला फार दम वाटत नाही. उशीर होतो तो आधीच्या आठवड्यांत, आणि तो बराचसा कायद्यानेच घडवलेला असतो. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ घ्या: १८ च्या आतली मुलगी आली की पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक. पोलीस येणार म्हटल्यावर मुलगी येतच नाही. संमतीच्या संबंधातून दिवस गेले असतील आणि मुलगी आणि पालक दोघांनी विनंती केली, तर कळवताना नाव उघड करायची गरज नाही, असं २०२२ च्या त्याच निकालाने सांगितलं. किती ठाण्यांना ते माहीत आहे, देव जाणे. दुसरं, लिंगनिदानबंदीची सरमिसळ. तो १९९४ चा वेगळा कायदा, गुन्हा लिंग सांगण्याचा. पण परळीच्या २०१२ च्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर आपल्याकडे औषध प्रशासनाची नजर गोळ्यांवर गेली आणि दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच सोडलं. वास्तविक लिंग कळायच्या आत, ९ आठवड्यांपर्यंतच या गोळ्या वापरायच्या असतात! एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की २०१५ मध्ये भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. त्या सगळ्या बायका कागदोपत्री वर सांगितलेल्या गर्भपाताच्या गुन्ह्याच्या कलमाच्या कचाट्यात आहेत.

तेव्हा बदल हवा तो असा: पहिल्या १२ आठवड्यांत बाईची मागणी हेच कारण पुरेसं माना, तिला स्वतःला गुन्हेगार ठरवणारं स्पष्टीकरण काढा, आणि प्रशिक्षित परिचारिकांना गोळ्या देऊ द्या. १२ आठवड्यांची आणि परिचारिकांची तरतूद २०१४ च्या मसुद्यात होती. डॉक्टरांच्या संघटनांनी परिचारिका आणि आयुष डॉक्टरांना विरोध केला, आणि २०२१ च्या कायद्यातून ती गळाली.

तोवर कुणाला प्रत्यक्ष गरज पडली तर: जागा सरकारी रुग्णालय असावी किंवा फॉर्म बीचं मान्यतापत्र भिंतीवर लावलेली असावी. गोळ्यांसाठी साध्या क्लिनिकमधला पात्र डॉक्टरही चालतो, पण त्याची मान्यताप्राप्त केंद्राशी जोडणी असल्याचं पत्र तिथे लावलेलं हवं. बाईचं नाव उघड केलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे डॉक्टरला माहीत असतं. नकार मिळालाच तर कागदावर मागा, तारीख आणि आठवड्यांसह. २४ च्या पुढे असाल तर मंडळाकडे अर्ज दिल्याची पोच घ्या आणि त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे वकील फुकट मिळतो. अहवालाची वाट पाहत घरी बसू नका. पुढे याचिकेत पहिला प्रश्न 'मंडळाकडे कधी गेलात' हाच येतो, आणि तोवर आठवडा उलटलेला असतो.