गाडी-बिडी : ओम्नीत दुसरं इंजिन टाकू का?

प्रश्न (कराडहून) : काका, वडिलांची १९९७ ची ओम्नी आहे, पेट्रोल, कार्बोरेटरवाली, पाच-सहा वर्षं गोठ्यामागं शेडमध्ये उभी. आता चालू करायची म्हणतोय. पण हिच्यात आधीपासूनच दम नव्हता, घरची सगळी माणसं भरून कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव खायचे. आमचा मिस्त्री म्हणतो एस्टीमचं इंजिन भंगारात स्वस्तात मिळतंय, बसवून देतो, नायतर इकोचं बघू. टाकू का? आणि आरटीओचं काय होतं ते पण सांगा.

उत्तर : नको टाकूस. लगेच नाराज होऊ नकोस, का ते सांगतो, आणि घाटाचं पण काहीतरी करू.

पहिली गोष्ट म्हणजे तू दोन कामं एकात घुसडतोयस. उभी राहिलेली गाडी जिवंत करणं हे एक काम आणि इंजिन बदलणं हे दुसरं. इतकी वर्षं पडून असलेल्या गाडीत नवं इंजिन टाकलं आणि ती नीट चालली नाही तर दोष इंजिनचा, टाकीतल्या गंजाचा, वायरिंगचा का चिकटलेल्या ब्रेकचा हे कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून आधी आहे तेच इंजिन चालू करायचं.

लगेच सेल्फ मारू नकोस. टाकी खाली उतरव, जुनं पेट्रोल आतापर्यंत डिंक झालेलं असणार, आत टॉर्च मारून गंज बघ, फार असेल तर टाकी बदल, कारण तो गंज फिल्टरमधून सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो आणि मग आयुष्यभर मिसिंग शोधत बसायचं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप काढून टाक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि ९७ सालचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं, ते फुगतं, चिरतं, आणि ओम्नीचं इंजिन बरोबर तुझ्या सीटखाली असतं हे विसरू नकोस. कार्बोरेटरचं किट पण नवं टाक. मग तिन्ही प्लग काढ, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोड, रात्रभर राहू दे आणि सकाळी पाना लावून इंजिन हातानं फिरव. फिरलं तर टायमिंग बेल्ट बदल, दिसायला चांगला असला तरी बदल, वय झालेला बेल्ट दिसण्यावर जात नाही. इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरी हे तर आलंच.

आणि ब्रेक. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं, त्यामुळं उभ्या गाडीची व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. चारी चाकं खोल, मास्टर सिलिंडर बघ, रबरी होस बदल. टायरला नक्षी कितीही असू दे, जुने टायर फेकून दे.

पत्रा तपासताना वरचा रंग बघू नकोस. सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांच्या कमानी, सीटखालची फरशी आणि बॅटरीची जागा, इथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. आत गेला तर इंजिनचा विचार सोड, आधी वेल्डिंगवाला गाठ. वरनं पुट्टी भरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठव.

हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन चेक करून घे. तिन्ही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा हवा. एक कमी असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून परत मोज, आकडा वर गेला तर रिंगा गेल्या, नाही गेला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. माझा अंदाज विचारशील तर घाटात तुमचा दम निघायचा तो याच कारणानं. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, नवं असताना साधारण ३५ हॉर्सपॉवर, म्हणजे मुळात फार नाहीच, पण त्यातले दहा-बारा घोडे झिजलेल्या रिंगा, चिकटलेला चोक आणि घसरणारी क्लच प्लेट खाऊन टाकतात आणि लोक म्हणतात कंपनीनं इंजिनच छोटं दिलं.

आता मिस्त्रीच्या एस्टीमकडं येऊ. एस्टीम पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, तिचं इंजिन बॉनेटमध्ये आडवं बसवलेलं. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, इंजिन उभं, लांबीच्या दिशेनं, त्याच्यामागं गिअरबॉक्स आणि मग प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणारा लांब दांडा. एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन जिप्सीच्याच घराण्यातलं आहे, म्हणून जिप्सीचं बेल हाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कवच), जिप्सीचा ऑइलचा चेंबर, जिप्सीची माउंटिंग असं जमवून ते उभं करणारी माणसं आहेत, होत नाही असं नाही. पण मग जिप्सीचा गिअरबॉक्स आला, शाफ्ट कापून नव्यानं बॅलन्स करणं आलं, रेडिएटर मोठा आला, सीटखालच्या खोक्यात जागा करायला पत्रा कापणं आलं. स्वस्तात मिळालेलं इंजिन तिथंच महाग झालं.

इकोचं इंजिन निदान उभं तरी बसतं, व्हॅनसाठीच आहे. पण ते एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटर नाही, पेट्रोल फवारणारं, १२०० सीसी, जुन्या इकोत ७३ हॉर्सपॉवर. त्याला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर लागतो, सगळे सेन्सर लागतात, टाकीत इलेक्ट्रिक पंप लागतो, सायलेन्सरला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो आणि अख्खं वायरिंग लागतं. त्यातही इमोबिलायझरवाली (ठरलेल्या चावीशिवाय चालू न होणारी) गाडी असेल तर चावी आणि ईसीयू जोडीनं घेतल्याशिवाय स्टार्टच होणार नाही. नुसतं इंजिन उचलून आणलंस तर तो शोपीस आहे.

आणि समजा सगळं बसलं. ओम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, १८४० मिलिमीटर, चाकं १२ इंची, पुढं बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढं पत्रा आणि काच, बाकी काही नाही. ३५ घोड्यांसाठी केलेल्या ब्रेकवर ७३ घोडे घेऊन तू घाट चढशील रे, उतरणार कसा? सुझुकीनं स्वतः याच बॉडीत परदेशात ९७० सीसीचं चार सिलिंडर इंजिन दिलं होतं, इंडोनेशियात ती कॅरी १००० म्हणून चालायची, तेच इंजिन आपल्याकडं सुरुवातीच्या जिप्सीत होतं. म्हणजे या सांगाड्याला कुठवर झेपतं याचा कंपनीचा अंदाज तिथं दिसतो. १३०० सीसी व्हॅन करायची वेळ आली तेव्हा मारुतीनं २००१ मध्ये वेगळी, मोठी वर्सा आणली, ओम्नीत नाही घातलं ते.

आरटीओचं सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींपासून गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी, एलपीजीच्या मान्यताप्राप्त किटला वाट ठेवलेली आहे, आणि त्याच मेकचं त्याच टाइपचं इंजिन टाकायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेता येतो. म्हणजे ओम्नीत ओम्नीचंच दुसरं इंजिन चालेल, पण त्याचं पक्कं बिल घे आणि नंबरावर घासल्याची खूण दिसली की दुकानातून बाहेर पड, चोरीच्या गाड्यांची इंजिनं तशीच विकली जातात. आरटीओला न कळवता बसवलेल्या इंजिनाच्या गाडीचा अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा इंजिन नंबर बघणार, हे वेगळं सांगायला नको.

तुझी गाडी एमएच ११ ची (सातारा पासिंग) असणार आणि १५ वर्षं २०१२ मध्ये संपली, पुढं दर पाच वर्षांनी रिन्यू, म्हणजे २०२२ चं बहुतेक राहिलंय. एप्रिल २०२२ पासून कारच्या रिन्यूची फी ६०० वरून ५००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ती १०,००० केली, वर उशिराचा दंड, पर्यावरण कर आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. तपासणीत इन्स्पेक्टर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही बघतो, तिथं एस्टीमचा नंबर निघाला की संपलंच. म्हणून स्पेअरला हात घालण्याआधी हा कागदाचा हिशोब कर, तो झेपत असेल तरच पुढं जा.

घाटासाठी : इंजिन पूर्ण करून घे, बोअर, पिस्टन-रिंगा, हेडचं काम, क्लच नवा, रेडिएटर साफ. सात माणसं भरू नका, आरसीवर सीट किती लिहिल्यात ते एकदा वाच. आणि दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढ, ट्रकवाल्याला जाऊ दे पुढं.

प्रश्न (संगमनेरहून) : आजोबांची दुधाची मॅटाडोर आहे, डिझेल. विकायचा जीव होत नाही. ट्रॅक्सचं इंजिन एकाच कंपनीचं म्हणून सहज बसेल असं सगळे म्हणतात. खरं का?

उत्तर : एकाच कंपनीचं हे खरं, सहज हे खोटं. मॅटाडोर आणि ट्रॅक्स दोन्ही आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या, जी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. ट्रॅक्सचं ते २.४ लिटरचं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६, लायसन्सवर इथं बनवलेलं, आणि दणकट आहे यात वाद नाही. पण मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालते, तेव्हाच्या मालवाहू गाड्यांत ही गंमतच होती, मागं शाफ्ट नाही म्हणून फरशी खाली आणि दुधाचे कॅन चढवायला सोपं. ट्रॅक्सला मागची चाकं ओढतात. त्यामुळं इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडतात तिथंच घोळ आहे.

तुमच्या गाडीचं इंजिन फिरतंय का ते आधी बघा. फिरत असेल तर टाकी धुवा, खाली पाणी साठलेलं असतं, डिझेल फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा, हीटर प्लग तपासा, आणि पंप-नोझल एकदा चांगल्या डिझेल पंपवाल्याकडं द्या. जुनी डिझेल निम्म्याहून जास्त वेळा पंप-नोझलवरच अडते आणि लोक इंजिन गेलं म्हणून भंगारात घालतात. कागद वर कराडच्या पोराला सांगितले तेच, फक्त तुमची धंद्याची गाडी असेल तर फिटनेस सर्टिफिकेट वेगळं.

प्रश्न (इंग्लंडहून, ब्रिस्टलजवळून) : नमस्कार, मी मूळची नाशिकची. इथं नवऱ्यानं १९८५ ची फोक्सवॅगन टी२५ कॅम्पर घेतलीय, १.९ लिटर वॉटरबॉक्सर (पाण्यानं थंड होणारं चपटं इंजिन), हेडमधून पाणी गळतंय. सगळे म्हणतात सुबारूचं इंजिन टाका. तुम्ही तर कुणालाच टाकू देत नाही असं दिसतंय!

उत्तर : ताई, तुम्हाला टाकू देतो.

कारणं सांगतो. ती गाडी सामान भरून जड असते आणि १.९ चं इंजिन ७८ हॉर्सपॉवरचं. इंजिन मागं, आणि सुबारूचं ईजे२२ पण तसंच आडवं चपटं बॉक्सर, म्हणून ते त्या खोलीत बसतं, १३० च्या आसपास ताकद देतं, आणि इतक्या जणांनी केलंय की अडॅप्टर प्लेट, छोटा सम्प (इंजिनखालचा ऑइलचा चेंबर), कूलंटचे उलटे केलेले पाइप, सगळं तयार मिळतं. सम्प छोटा घ्यायलाच हवा नायतर तो रस्त्याला लागतो. इंजिन घेताना त्याचं वायरिंग आणि ईसीयू एकाच गाडीतलं घ्या. रेडिएटर पुढं आणि इंजिन मागं, लांबलचक पाइप, सोळा-सतरा लिटर पाणी, त्यामुळं हवा अडकते, गाडीचं तोंड वर उचलून ती नीट काढून टाका. गिअरबॉक्स मात्र जुनाच आहे हे नवऱ्याला सांगा, सिग्नलवर रेस लावायची नाही.

तिकडचा कायदा पण मोकळा आहे. डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या आरटीओला, नवा इंजिन नंबर आणि सीसी कळवायची, व्ही५सी वर, म्हणजे तिकडच्या आरसीवर, बदलून घ्यायचं. त्यांच्याकडं २०२५ पर्यंत आठ पॉइंटांचा हिशोब होता, गाडीचा जुना नंबर ठेवायला मूळ भागांचे निदान आठ पॉइंट लागायचे : मूळ बॉडी न कापता ठेवली तर त्याचेच पाच, सस्पेन्शन, अॅक्सल, स्टीअरिंग, गिअरबॉक्सचे दोन-दोन, आणि इंजिनचा फक्त एक. म्हणजे इंजिन गेलं तरी गाडीचा नंबर तुमचाच राहतो, पण चासीला कटर लावू देऊ नका. विम्यावाल्याला आधी कळवा.

तरी एक विचार करा, गळती नुसती हेडच्या रबरी गॅस्केटमधून असेल आणि हेड खाल्लेली नसतील तर ती परत सील करून हेच इंजिन बरीच वर्षं जातं. जुनं कूलंट न बदलल्यानं हेडचा तो काठ कुरतडला जातो, दुखणं तेच. खोलून बघितल्याशिवाय सुबारूचे पैसे देऊ नका.

प्रश्न (ठाण्याहून) : जुन्या ओम्नीला बॅटरीवर करता येईल का?

उत्तर : कायद्यात वाट आहे, पण किट एआरएआयसारख्या संस्थेकडून त्याच मॉडेलसाठी पास झालेलं हवं, बसवणारा अधिकृत हवा आणि नंतर आरसीवर नोंद हवी. ओम्नीसाठी पास झालेलं सर्टिफिकेट दुकानदारानं कागदावर दाखवलं तर बोला. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ दाखवला तर नको.