घरी विचारलंय काय?

लीड्स, जुलैअखेर

प्रिय सई,

तुझं पत्र काकूनं फोटो काढून पाठवलं. अक्षर छान वळायला लागलंय. मी ते स्वयंपाक करता करता वाचलं आणि मग गॅस बंद करून पुन्हा वाचलं, कारण तुझा प्रश्न घाईत उत्तर देण्यासारखा नाही.

तू लिहितेस की शनिवारी पाऊस थांबेना म्हणून रात्री सगळ्यांनी घरातच ‘मोआना’ पाहिला, बेटावरून होडी घेऊन समुद्रात निघणाऱ्या मुलीचा तो डिस्नेचा सिनेमा. आपण इथे पाहिला तेव्हा तुला समुद्र आवडला होता, तो वीर माउई आवडला होता, तो सोन्याने मढलेला खेकडा आवडला होता. बेळगावात, वडगावच्या घरात मात्र त्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. मोआना होडी लोटायला लागली तशी आज्जी म्हणाली, “घरी विचारलीय काय की ती?” काकूनं विचारलं, “होडीत खायला काय घेतलीय?” थोरले काका म्हणाले, “बाप काय वाईट सांगालाय?” आणि दुसऱ्या दिवशी तू आणि ओंकारदादानं दोघंच राजहंसगडावर जातो म्हटलंत, तर हेच सगळे प्रश्न तुमच्यावर येऊन पडले. म्हणून तू चिडून विचारतेस, “आई, मराठी माणसांना साहस आवडत नाही का?”

आवडतं गं. आणि तू ज्या गावात बसून हे विचारते आहेस तिथे तर फार आवडतं. कॅम्पाच्या बाजूला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे ना, ते 1922 पासून बेळगावात आहे. आजूबाजूच्या गावांमधून कितीतरी घरांतली मुलं त्या गेटातून आत गेली आणि मग बर्फात, वाळवंटात, कुठे कुठे जाऊन राहिली. शहरातून हायवेनं थोडं उत्तरेला गेलं की काकती लागतं. कित्तूरची राणी चन्नम्मा त्या गावची लेक. 1824 मध्ये ती कंपनी सरकारच्या फौजेशी लढली. तिची गोष्ट कानडी घरात सांगतात तशीच आपल्याही घरात सांगतात, मी ती आज्जीकडूनच ऐकली. अशा मुलखातल्या माणसांना साहस म्हणजे काय हे तुला किंवा मला शिकवावं लागणार नाही.

पण ज्या घरातून माणूस खरोखर लांब जातो, त्या घराला साहसाची दुसरी बाजू माहीत असते. सुट्टी संपवून पलटणीत परत जाणारा मुलगा घरातून कसा निघतो हे तुझ्या आत्याला विचार. देवापुढे दिवा लागतो, कपाळाला कुंकू लागतं, हातावर दही-साखर पडते, तो सगळ्या मोठ्यांच्या पाया पडतो, आणि पिशवीत चटणीची बरणी, लाडू, भाकऱ्या भरेपर्यंत गाडी चुकते की काय असं वाटायला लागतं. त्याला कुणी ‘जाऊ नको’ म्हणत नाही. सगळे विचारतात: पोचायला किती दिवस, बरोबर कोण आहे, तिथं थंडी किती, फोन कधी लागेल? जे त्याच्याबरोबर जाऊ शकत नाहीत ते अशा प्रश्नांमधून जमेल तितकं त्याच्याबरोबर चालतात. तुला ती चौकशी वाटली. मला ती सोबत वाटते, आणि इथे इतकी वर्षं राहून तिची किंमत मला जास्तच कळते.

आता तोच सिनेमा पुन्हा आठव. मोआना रात्री घाईघाईनं सामान गोळा करत असते आणि मागे तिची आई येऊन उभी राहते. आपल्याला वाटतं, आता ही अडवणार. पण ती आई, सीना, काही बोलत नाही, सामान बांधायला हात लावते आणि लेकीला मिठी मारते. काकूनं मला फोनवर सांगितलं की संपूर्ण सिनेमात तिला तेवढंच पुन्हा पाहावंसं वाटलं, आणि आज्जीनंही तिथे पदर डोळ्यांना लावला. तुझ्या पत्रात या प्रसंगाचा उल्लेखच नाही! अकरा वर्षांच्या मुलीचं लक्ष होडीकडे असणार, ते बरोबरच आहे. पण बघ, हॉलिवूडच्या माणसांनी पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाची गोष्ट केली, आणि वडगावच्या काकूला त्यात आपल्याच घरातली एक गोष्ट सापडली.

काकांचं सांगते. मोआनाचा बाप टुई होड्या जाळायची भाषा करतो तरी काका त्याची बाजू घेतात, याचा तुला राग आला. टुई तरुणपणी स्वतः त्या खडकांच्या कड्यापलीकडे गेला होता आणि त्याचा मित्र लाटांमध्ये बुडाला, हे तुझ्या लक्षात आहे ना? काकांनी पावसाळ्यातली मलप्रभा पाहिली आहे. खानापूरकडच्या जंगलात पूल पाण्याखाली जातात तेव्हा ‘एवढंच तर पाणी आहे’ म्हणून पाय टाकणाऱ्यांचं काय होतं हे त्यांना माहीत आहे. त्यांची भीती खरी आहे. होड्या जाळाव्यात हे मात्र मलाही पटत नाही, आणि मी फोनवर काकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “जाळायच्या नाहीत गं, पण पाऊस उतरेपर्यंत बांधून ठेवाव्यात.” हे मला काकांसारखंच वाटलं.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आज्जीची. तू लिहितेस, आगीचा राक्षस आला तेव्हा तू आणि दादा उशा घट्ट धरून बसला होतात आणि आज्जी शांतपणे म्हणाली, “अगं, ही तीच देवी की! कोपलीय.” सिनेमा संपायला अजून वेळ होता. तुला आश्चर्य वाटलं की तिला आधीच कसं कळलं. सई, आज्जी दर वर्षी सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाते, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी माउलीच्या देवळात जाते. जी हिरवं शेत देते तीच रागावली तर रोगराई आणते, आणि ती रागावते कारण कुणीतरी तिचं काही हिरावून घेतलेलं असतं, हे तिनं लहानपणापासून ऐकलंय. तिच्या मनात अशा गोष्टीत खलनायक नसतो. ज्याचं नेलंय त्याला परत द्यायचं आणि हात जोडायचे. म्हणून तर ती देवी, टे फिटी, पुन्हा हिरवी झाली तेव्हा तिनं टीव्हीला नमस्कार केला. दादा हसला म्हणतेस. त्याला सांग, हसू नको. खिडकीबाहेर येळ्ळूर रस्त्याच्या शिवारात रोप लावणी झालेली असेल, सगळं नुकतं हिरवं झालं असेल. आज्जीला पडद्यावर तेच दिसलं.

आजोबांचा प्रश्न तू माझ्याकडे ढकललास, तर त्यांना उत्तर वाचून दाखव. हो, ताऱ्यांवरून खरंच एवढा समुद्र पार करता येतो. पॅसिफिक महासागरातले नावाडी कुठला तारा क्षितिजावर कुठे उगवतो आणि कुठे मावळतो हे पाठ करायचे, शिवाय लाटांची दिशा आणि पक्षी पाहायचे. नंतर ही विद्या बऱ्याच बेटांवर मागे पडली. 1976 मध्ये ‘होकुलेआ’ नावाची जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला न्यायची ठरली, सुमारे 4000 किलोमीटर, होकायंत्राशिवाय. तेव्हा हवाईत हे जाणणारा कुणी मिळेना. शेवटी सातावाल या छोट्या बेटावरचे माऊ पियाइलुग आले आणि त्यांनी ती होडी नेली. पुढे त्यांनी ही विद्या आपल्या बेटाबाहेरच्या मुलांनाही शिकवली, म्हणून ती टिकली. आजोबांना हे नक्की आवडेल. ते स्वतः पावसाचा हिशेब नक्षत्रांवर करतात. आता तुमच्याकडे पुष्याचा म्हातारा पाऊस चालू असेल, त्याच्या आधी पुनर्वसूचा तरणा पाऊस झाला. त्यांच्याजवळ बसून मृगापासूनची सगळी नावं वहीत लिहून घे. तुझ्या शाळेत ती कुणी शिकवणार नाही.

एक गोष्ट तुला कदाचित माहीत नसेल. ज्या लोकांची ही गोष्ट आहे त्यांच्या घरांतही या सिनेमावर भरपूर वाद झाले. माउई त्यांचा मोठा वीर, आणि पडद्यावर त्याला एवढा जाडजूड आणि बढाईखोर दाखवला म्हणून अनेकांना वाईट वाटलं. 2016 मध्ये सिनेमा यायच्या आधी डिस्नेनं मुलांसाठी माउईचा पोशाख विकायला काढला होता, गोंदवलेल्या कातडीसारखा दिसणारा. दुसऱ्याची कातडी कशी अंगावर घालता, असं लोक म्हणाले, आणि कंपनीनं तो मागे घेतला. आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये हा सिनेमा माओरी भाषेत आला. इंग्रजीच्या लोंढ्यात मोठी होणारी तिथली मुलं थिएटरात बसली आणि मोआना त्यांच्या आजीच्या भाषेत बोलायला लागली. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

आणि म्हणूनच तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी बाबांनाही वाचून दाखवलं. तू लिहितेस, “सारखं पॉज करून मला सगळं मराठीत सांगावं लागलं, म्हणून सिनेमा साडेअकराला संपला.” तुला तो त्रास वाटला. अगं, आज्जीला इंग्रजी येत नाही, आजोबांना थोडं येतं. त्या रात्री मोआना आपल्या घरात मराठीत आली ती तुझ्यामुळे. शेजारच्या कानडी अज्जी आल्या होत्या, त्यांना आज्जी तुझी मराठी कानडीत करून सांगत होती, हे काकूनं सांगितलं. बेळगावात हे रोजचंच आहे, पण ती साखळी तुझ्यापासून सुरू झाली याचं मला कौतुक वाटतं.

तू हेही विचारलंस की सिनेमा चालू असताना सगळे एवढे बोलतात का. आपल्याकडे गोष्ट गप्प बसून ऐकायची पद्धत फारशी नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ तू अजून पाहिले नाहीस. रात्रभर लोक रस्त्याच्या कडेला उभे असतात आणि प्रत्येक देखाव्यापुढे चर्चा चालते: मावळ्याची तलवार बरोबर धरली का, महाराजांचं काम कुणी केलंय, मागच्या वर्षीचं जास्त चांगलं होतं का. ज्याला मत नाही त्याला तिथे कंटाळा येईल. पुढच्या वेळी तूही बोल. काकांशी वाद घाल, त्यांना आवडतं.

आता राजहंसगडाचं. मी काकांशी बोलले. त्यांची हरकत गडाला नाही, पावसात निसरड्या झालेल्या पायऱ्यांना आहे आणि दोघांनीच जाण्याला आहे. रविवारी पाऊस कमी असेल तर ते स्वतः येळ्ळूरपर्यंत गाडीनं सोडतील, तिथून वर तुम्ही दोघं आणि आत्याचा विनू चालत जायचं. वर गेलात की आधी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन या, आज्जीनं नारळ द्यायला सांगितलंय. तटाच्या कडेला शेवाळ असतं, तिथे उभं राहून फोटो काढायचे नाहीत, हे माझं. दुपारी दोनच्या आत खाली. काकू दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी देणार आहे, ती जड होते म्हणून घरी ठेवून जाऊ नका. बूट ते निळे घाल, पांढरे नको. आणि निघताना आज्जीला विचार, तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझी,
आई