फवारणी शिकवायची तर सुरुवात पंपापासून

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने आसपासच्या गावांतली काही मुले-मुली फवारणीचा सल्ला देण्यासाठी निवडली आहेत. खरिपाआधी दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवायचे आहे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी फुकट यायला तयार आहेत. त्यांनाच बोलवावे का? काय शिकवावे?

उत्तर : प्रतिनिधी येऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. ते आधी आले तर मुले औषधांची नावे पाठ करतील आणि पंपाला कोणी हात लावणार नाही. फवारणी फसण्याची बरीच कारणे औषधात नसतात. ती झिजलेल्या नोझलमध्ये, गढूळ पाण्यात आणि टोपणाने केलेल्या मापात असतात.

पहिली सकाळ शेतात घालवा. एक गुंठा, म्हणजे साधारण १० बाय १० मीटर जागा दोरीने आखा. पंपात मोजून १० लिटर साधे पाणी भरा आणि प्रत्येकाला आपल्या नेहमीच्या चालीने तेवढी जागा फवारायला सांगा. मग उरलेले पाणी मोजा. कोणाचे ५ लिटर गेले असेल, कोणाचे २. एकराचे ४० गुंठे, म्हणजे पहिल्याला एकरी २०० लिटर पाणी लागते आणि दुसऱ्याला ८०. हा फरक आपल्याच हाताने निघालेला असला की पोरे विसरत नाहीत.

आता औषधाचा हिशेब. समजा लेबलवर हेक्टरी ५०० मिली लिहिले आहे, तर एकरी २०० मिली झाले. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाने एकराला १३ पंप लागत असतील तर दर पंपाला साधारण १५ मिली. पेट्रोलवरच्या पंपाने तोच एकर ५ पंपांत उरकत असेल तर दर पंपाला ४० मिली. एकरी औषध तेवढेच राहते, पाणी बदलते. 'पंपाला दोन टोपणे' हा सल्ला म्हणूनच बिनकामाचा. कोणता पंप, हे आधी विचारायचे. प्रत्येक सल्लागाराच्या पिशवीत मोजमापाचा प्लास्टिक पेला असू द्या. भारी टोपी आणि टी-शर्ट नंतर छापा.

नोझलचेही तसेच. कीटकनाशक, बुरशीनाशकाला पोकळ शंकूचे, तणनाशकाला पंख्याच्या आकाराचे किंवा फ्लड जेट (रुंद, सपाट फवारा देणारे). तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळाच ठेवावा. नोझल अडकले की तोंडाने फुंकायची सवय अजून गेलेली नाही. त्यासाठी जुना मऊ दातब्रश पंपालाच बांधून ठेवायला सांगा.

यवतमाळचा विषय मात्र टाळू नका. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात भरती करावे लागले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, जास्त दाबाचे पंप, एकाच टाकीत दोन-तीन औषधे आणि अंगावर साधा शर्ट. डोक्याच्या उंचीवर फवारले की तुषार परत अंगावरच येतात. फवारणारे पुष्कळ जण रोजंदारीचे मजूर होते. म्हणून सल्ला फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्याला देऊन भागत नाही. पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याच्याशी बोलायला मुलांना शिकवा.

प्रश्न : मी गावात सल्ला देते. शेतकरी म्हणतात, 'मजुरी एकदाच द्यायची, तर अळीचे, माव्याचे, बुरशीचे आणि टॉनिक सगळे एकत्रच मारू.' नाही म्हटले की ते दुकानातून मिश्रण घेऊन येतात. काय करू?

उत्तर : ताई, मजुरीचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावू नका. पण आधी विचारा : अळी, मावा, बुरशी हे तिन्ही आज शेतात आहेत का? शेतात जाऊन पाने उलटा. कपाशीवर तुडतुडे दर पानाला सरासरी २ ते ३ च्या खाली असतील तर थांबता येते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री दर रात्री ८ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असे समजा. चारपैकी दोन औषधे इथेच गळतात, आणि वाचलेल्या बाटलीचे पैसे सांगितले की शेतकरी ऐकतो.

एकत्र करणे लेबलवर किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत असेल तरच करा. तेव्हाही आधी हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत त्याच प्रमाणात थोडे मिसळून अर्धा तास ठेवा. फाटले, साका बसला, बाटली गरम झाली तर ते टाकीत जाऊ नये. मिश्रण फाटले नाही याचा अर्थ ते माणसाला किंवा पिकाला निर्धोक आहे, असा मात्र नाही. शिवाय विषबाधा झाली तर चार औषधांच्या मिश्रणावर उपचार ठरवणे डॉक्टरांनाही जड जाते.

'आज फवारू नका' हे सांगणे सल्लागाराचेच काम आहे. वारा सुटला, पाऊस जवळ आला, ऊन चढले किंवा फवारणारा उपाशी आहे, यातले एकही पुरेसे कारण आहे.

प्रश्न : सुरक्षा किट घातले की घामाने जीव जातो. मजूर काढून फेकतात.

उत्तर : खरे आहे. म्हणून सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात फवारा आणि एकाच माणसाला दिवसभर जुंपू नका. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायजमा, टोपी, चष्मा, मास्क, बूट हे हवेच. हातमोजे तर औषध मोजताना आणि टाकीत ओतताना क्षणभरही काढू नका, कारण तिथे औषध निव्वळ असते, पाणी मिसळलेले नसते. लेबलवरचा लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धास्त नव्हे.

फवारताना मळमळ, डोकेदुखी, लाळ, दरदरून घाम, अंधुक दिसणे, हातपाय थरथरणे यातले काही झाले तर माणसाला लगेच शेताबाहेर काढा, कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात बाटली किंवा लेबल सोबत न्या. टाकीत जे जे मिसळले होते त्या सगळ्यांचे. दूध, लिंबूपाणी, मीठपाणी पाजत बसू नका.

किडीविषयी शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे. प्रशिक्षणाला येणाऱ्यांना घरचाच पंप आणायला सांगा, आतून-बाहेरून धुतलेला. नवा कोरा पंप शिकायला उपयोगी पडत नाही.