नैतिकता सार्वत्रिक की संस्कृतीनुसार? रखमाबाईंच्या खटल्यातून मिळणारे उत्तर

नैतिक मूल्ये सर्व माणसांना सारखीच लागू होतात की ज्या त्या संस्कृतीनुसार ठरतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते रीतिरिवाज समाजागणिक वेगळे असतात आणि असावेतही. परंतु एखाद्या व्यक्तीवर केलेली सक्ती 'ही आमची संस्कृती आहे' एवढ्या उत्तराने समर्थनीय ठरत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना मला मुंबईतील रखमाबाईंचा खटला नेहमी आठवतो. अकराव्या वर्षी लग्न झाल्यावरही त्या माहेरीच राहिल्या, आणि त्यांनी नांदायला यावे म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांसह अनेकांनी त्यांना विरोध केला. सुधारणेच्या निमित्ताने परकी सत्ता आपल्या घरात शिरेल, ही त्या पक्षाची भीती निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही ज्या प्रकारच्या दाव्याचा कैवार धर्माच्या नावाने घेतला जात होता, तो मुळात इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून इकडे आलेला होता आणि हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असे पिन्ही यांनी निकालातच म्हटले होते. म्हणून 'संस्कृती असे सांगते' हे वाक्य कानी पडले की मी आधी पाहतो, ते कोण बोलत आहे आणि त्याचा भार कोणावर पडणार आहे. 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध लिहिताना रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' अशीच सही केली होती. त्यांचा आवाजही त्याच संस्कृतीतला होता, आणि त्यांच्या विरोधकांइतकाच अस्सल होता.

१८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. जोडीदाराला नांदायला लावण्याच्या अशा दाव्याची तरतूद मात्र हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये आजही आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध मानले. हा निर्णय मला आजही पटत नाही.