धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा हे श्रीमंतांचे उपकार आहेत का?

तुम्ही विचारलंय की श्रीमंतांचे ट्रस्ट गरिबांवर फुकट उपचार करतात, तर लोक त्यांच्यावर एवढी टीका का करतात. माझं मत स्पष्ट आहे: महाराष्ट्रात तरी याला दान म्हणू नये. ट्रस्टला आयकरात सूट मिळते, आणि अनेक रुग्णालयांना सवलतीच्या दरात सरकारी जमीन किंवा जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळालेली असते. हा सगळा तुमच्याआमच्या खिशातून गेलेला पैसा आहे. राखीव खाटा ही त्याची परतफेड.

ही परतफेड कायद्याने ठरलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक (41AA) खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. म्हणजे २०० खाटांच्या रुग्णालयात २० आणि २०. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार.

पैसा कुठून येतो तेही बघा. बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलाचे २ टक्के ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणजे आयपीएफच्या खात्यात टाकावे लागतात. वर्षाचं बिलिंग ५० कोटी असेल तर १ कोटी. निर्धन रुग्णाची खाट, नर्सिंग, जेवण आणि नेहमीच्या तपासण्या बिलात लागत नाहीत. औषधं, इम्प्लांट वगैरे खरेदीच्या किमतीत धरून त्या निधीतून वळते होतात. दुर्बल घटकातल्या रुग्णाला मात्र औषधं आणि इम्प्लांटच्या बिलाचा किमान निम्मा भाग भरावा लागतो. हे २ टक्के विश्वस्तांच्या घरचे नाहीत, ते शेजारच्या डिलक्स रूममधल्या पेशंटच्या बिलातून आलेले आहेत. तरी लॉबीतल्या संगमरवरी पाटीवर नाव कुणाचं असतं?

घोळ होतो तो अ‍ॅडमिशन काउंटरवर. नातेवाईक घाबरलेले असतात, समोर डिपॉझिटचा आकडा येतो, ते दागिने गहाण टाकून पैसे भरतात आणि केस पूर्ण बिल भरणाऱ्या नेहमीच्या रुग्णांमध्ये नोंदली जाते. डिस्चार्जच्या दिवशी योजनेची आठवण झाली की ‘आधी का नाही सांगितलं?’ म्हणून हात वर. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्या. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तातडीच्या केसमध्ये डिपॉझिट मागताच येत नाही. आधी भरती करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यावेच लागतात. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर तेही लेखी मागा आणि आपल्या विभागाच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करा, या योजनेची देखरेख समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते.

काही ट्रस्ट मनापासून काम करतात, निधी संपला तरी पेशंट परत पाठवत नाहीत, हेही खरं. आणि ही योजना फक्त धर्मादाय नोंदणीच्या रुग्णालयांना लागू आहे. साध्या खासगी रुग्णालयात जाऊन या कलमावरून भांडू नका, वेळ वाया जाईल. पण धर्मादाय रुग्णालयात अर्ज देताना ‘साहेब, मेहरबानी करा’ असं लिहू नका. योजनेचं नाव आणि कलम लिहा, खाली सही करा.