औषधांच्या चिठ्ठीने वारसाहक्क जात नाही

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. भोर तालुक्यातील गावी आईजवळ राहणाऱ्या माझ्या 24 वर्षांच्या भावावर दोन वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार सुरू आहेत. तो गोळ्या नियमित घेतो, डेअरीला दूध घालतो, त्याचा हिशेबही स्वतः लिहितो. वडील वारल्यावर चुलत्यांनी त्याच्या औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स तलाठ्यांना दाखवून ‘पोरगं वेडं आहे, नाव लावू नका’ असे सांगितले. इकडे त्यालाच हक्कसोडपत्रावर सही करायला ते सांगत आहेत. त्याला कोर्टाकडून वेडा ठरवून मी पालक व्हावे का?

उत्तर : भाऊ वेडा असेल तर त्याची सही चुलत्यांना कशी चालते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला दिसत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 28 नुसार आजार किंवा व्यंग यामुळे कोणीही वारसाहक्काला अपात्र ठरत नाही. आई, आपण आणि भाऊ असे तिघेही पहिल्या वर्गातील वारस असल्याने वारसनोंदीच्या अर्जात तिघांचीही नावे द्यावीत आणि चुलत्यांनी फेरफारावर हरकत घेतल्यास तिला लेखी उत्तर द्यावे.

आपण सुचवलेला मार्ग मात्र मला धोक्याचा वाटतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 3 स्पष्ट सांगते की, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्याखेरीज, केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती विकल मनाची, म्हणजे आपले भले-बुरे समजून निर्णय घेऊ न शकणारी, समजता येत नाही. म्हणजे चुलत्यांकडे आज जे नाही, ते आपणच कोर्टातून मिळवून त्यांच्या हाती द्याल. शिवाय 1872 च्या करार कायद्यानुसार, अधूनमधून मन विकल होणारी व्यक्तीही, ते ठिकाणावर असताना करार करू शकते. म्हणून भावाची सही कधीच ग्राह्य नाही, असे गृहीत धरून निश्चिंत राहू नये. हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकांसमोर होते. तेथे कोणी घेऊन निघाले तर जायचे नाही, हे त्याला नीट समजावून सांगावे.

डेअरीची ती वही जपून ठेवावी. रोजचे लिटर, फॅट आणि पैसे त्याच्या स्वतःच्या अक्षरात असतील, तर डॉक्टरांच्या दाखल्याच्या जोडीला इतका बोलका पुरावा मला सुचत नाही.

उपचारांपुरते आपले नाव लागावे असे भावाला वाटत असेल, तर तो साध्या कागदावर सही करून आपल्याला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. जमिनीच्या व्यवहाराशी त्या कागदाचा संबंध नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भावाच्याच नावाने अर्ज करावा.