‘झालं’ म्हणतो, पण झालेलं नसतं

प्रश्न : मुलगा नववीत आहे. बालभारतीच्या पीडीएफ फुकट मिळतात, म्हणून यंदा छापील पुस्तकं घेतली नाहीत. मोबाइलवर धडा वाचून ‘झालं’ म्हणतो आणि चाचणीत पेपर कोरा. पुस्तकं आणावीत का?
– एक आई, धायरी

उत्तर : ताई, आणा. नवी महाग वाटली तर अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतील.

आणि त्याला खोटारडा म्हणू नका. त्याला खरंच झाल्यासारखं वाटतं. २०११ मध्ये अ‍ॅकरमन आणि गोल्डस्मिथ या दोन इस्रायली संशोधकांनी हेच तपासलं. वेळ ठरवून दिली तेव्हा कागद आणि पडदा सारखेच ठरले. किती वेळ वाचायचं ते वाचणाऱ्यावर सोडलं, तेव्हा पडद्यावाले मागे पडले, आणि आपल्याला किती समजलंय याचा त्यांचा अंदाजही जास्त फुगलेला निघाला. तुमच्या चिरंजीवांचं ‘झालं’ हेच.

२०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र मांडले गेले, पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक. माहितीपर मजकुरात कागद थोडा पुढे, घाईत वाचताना आणखी पुढे. गोष्टींमध्ये मात्र फरक दिसला नाही. तेव्हा कादंबरी फोनवर वाचत असेल तर खुशाल वाचू द्या. इतिहासाचा धडा नको.

मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. उत्तर आठवत नसलं तरी पोरं म्हणायची, “बाई, डाव्या पानावर होतं, खाली, नकाशाशेजारी.” आणि तिथवर पोचली की निम्म्या वेळा उत्तरही सापडायचं. फोनवर डावं पान कुठलं? बालभारतीचं ते मोठं पान बोटाने ताणून, सरकवून वाचायचं, वरून व्हॉट्सअ‍ॅप टिंगटिंगतंय! (मला स्वतःला पाच मिनिटं जमलं नाही. चष्म्याचा दोष असेल.)

फोन हिसकावू नका. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करायला तो लागेलच. फक्त वाचताना तो दुसऱ्या खोलीत राहू द्या. ‘झालं’ म्हणाला की पुस्तक मिटून स्वयंपाकघरात बोलवा. तुम्ही पोळ्या लाटा, त्याने धडा सांगायचा. अडला तर रागावू नका. “कुठल्या पानावर होतं रे?” एवढंच विचारा.